कौलारू छप्पर नवे करायचे आहे: ठेकेदार कसा निवडावा?

चाकरमानी (प्रश्न)
दापोली तालुक्यातील आमच्या घराचे मंगलोरी कौलांचे छप्पर पूर्ण उतरवून नवे करायचे आहे. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात उडालेली कौले तेव्हाच बदलली, परंतु वासे आणि रिपा (कौले ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्या) तशाच राहिल्या व आता त्यांना वाळवी लागली आहे. लोखंडी पाइपांचा सांगाडा करून वर कौलेच घालण्याचा विचार आहे. तीन ठेकेदारांनी चौरस फुटाचे दर तोंडी सांगितले असून त्यांत दीडपटीचा फरक आहे. मी ठाण्यात राहत असल्याने कामावर रोज उभा राहू शकणार नाही. निवड कशाच्या आधारे करावी?

निवृत्त अभियंता
दरांची तुलना करण्यापूर्वी प्रत्येकाने माप कोणते धरले आहे ते विचारावे. छपराचा उतार ३० अंशांचा असेल, तर जमिनीवर १००० चौरस फूट भरणारे क्षेत्र उतारावर सुमारे ११५५ चौरस फूट होते, आणि भिंतीबाहेर येणारा वळचणीचा भाग त्यात आणखी वाढतो. दुसरे म्हणजे दरपत्रकात 'जाड पाइप' एवढ्या शब्दांवर समाधान मानू नये. ५० बाय ५० मिलिमीटरच्या, २ मिलिमीटर जाडीच्या पाइपाचे वजन मीटरला सुमारे ३ किलो असते. म्हणजे ६ मीटरचा पाइप सुमारे १८ किलो भरायला हवा. आकार व जाडी लेखी घ्यावी आणि माल उतरताना वजनकाट्याची पावती मागावी. जो ठेकेदार यावर नाराज होतो, त्याच्याबद्दल तेवढ्यावरच बरेच कळते.

हर्णैकर
आमच्याकडे ठेकेदार बहुधा वेल्डिंगवाला असतो आणि कौले घालणारे गडी तो बाहेरून आणतो, म्हणून ते कोण आहेत हे आधी विचारावे. कौले सांगाड्याच्या आधी विकत घेऊन ठेवावीत, कारण कारखान्यागणिक त्यांच्या मापात थोडा फरक पडतो आणि रिपांमधील अंतर प्रत्यक्ष कौल लावूनच ठरवावे लागते. लाकडी रीप खिळे काढून सरकवता येते, वेल्डिंग केलेली लोखंडी रीप सरकवता येत नाही. वेल्डिंगने जळालेल्या सांध्यांवर पुन्हा रंग देण्याचे कलमही असावे, खाऱ्या हवेत गंज तिथूनच धरतो. ठेकेदाराने किमान तीन पावसाळ्यांपूर्वी केलेले छप्पर पाहावे आणि दोन पाखी (छपराच्या उतरत्या बाजू) मिळतात त्या कोनात गळते का, हे घरमालकाला विचारावे.

आमची चूक सांगतो. जुन्या लाकडाचे काय करायचे ते लिहून घेतले नव्हते. सागाचे चांगले वासे ठेकेदार घेऊन गेला आणि आम्हाला बोलताही आले नाही.

चाकरमानी
तिघांनाही फोन केला. सर्वांत कमी दर सांगणाऱ्याने वळचणीसह उतारावरचे माप धरले होते आणि सर्वांत जास्तवाल्याने जमिनीवरचे, त्यामुळे एकूण रकमेतील फरक बराच आटला. पाइपाची जाडी मात्र दोघांनीच लेखी दिली, तेव्हा तिसऱ्याचा विचार सोडला आहे. १५ मेपूर्वी कौले चढवण्याची आणि दहा टक्के रक्कम पहिल्या मोठ्या पावसानंतर देण्याची अट दोघांपुढे ठेवली आहे. जुन्या लाकडाचे कलमही घातले.