‘घर बायकोच्या नावावर करा’: या होर्डिंगची तक्रार कुठे करायची?

मीठभाकर
घोडबंदर रोडवरून रोज टीएमटीने ठाणे स्टेशनला जाते. मानपाड्याच्या सिग्नलला बस हमखास अडकते आणि समोर एका बिल्डरचं होर्डिंग: ‘घर बायकोच्या नावावर करा, एक टक्का वाचवा!’ खाली चित्र. बाल्कनीत लॅपटॉप घेऊन बसलेला नवरा, मागे चकचकीत किचनमध्ये एप्रन घालून सिमला मिरची कापणारी बायको. बघतेय मात्र नवऱ्याकडे. (बोट कापेल, बाई.)

मी आणि धाकटी बहीण, दोघी नोकरी करतो. दोघींच्या नावावर टू बीएचके घ्यायचं चाललंय, म्हणून त्याच साइटवर गेलो. सोबत थोरल्या ताईचा मुलगा होता, कारण गाडी त्यांची. पोरगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सेल्सच्या माणसाने कार्पेट एरिया, पझेशनची तारीख, लोन, सगळं त्याला समजावून सांगितलं. आम्हाला सॅम्पल फ्लॅटचं किचन दाखवलं. ‘मॅडम, ड्राय बाल्कनी बघा, लेडीजना फार आवडते.’ पार्किंगचं मी विचारलं, उत्तर भाच्याकडे बघून. तो बिचारा मोबाइलमध्ये तोंड खुपसून ‘हो हो’ करत होता. निघताना म्हणे, ‘फायनल करायला मिस्टरांना घेऊन या, म्हणजे डिस्काउंटचं बोलता येईल.’ बहिणीने सांगितलं, आमची लग्नं झालेली नाहीत. ‘बरं, मग वडील?’

चित्रात अश्लील काही नाही, त्यामुळे पोलिसांत जाण्यासारखं नाही हे कळतं. पण अशा जाहिरातीची तक्रार कुठे करता येते का? महापालिकेत? आणि करून काही होतं? ‘इतकं काय मनावर घेतेस’ हे सोडून बोला, ते घरी ऐकून झालंय.

नेरूळची_कॉपीवाली
जाहिरातीच्याच धंद्यात आहे, बिल्डरांची कामंही केली आहेत, म्हणून लिहिते.

महापालिकेत हेलपाटे घालू नका. ते होर्डिंगचा आकार, जागा आणि सांगाडा बघतात, मे २०२४ मध्ये घाटकोपरचं होर्डिंग कोसळल्यापासून तर जास्तच. १९८६ चा कायदा स्त्रियांच्या असभ्य चित्रणापुरता आहे, तुमचं चित्र त्यात बसत नाही. महारेराला (बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) जाहिरातीत प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड लागतो (कोड १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा). तो होर्डिंगवर आहे का बघून ठेवा. नसेल तर ती तक्रार सरळ लागते.

तुमच्या मुद्द्यासाठी जागा एकच, आस्की. जाहिरात उद्योगाने १९८५ मध्ये स्वतःवर लक्ष ठेवायला काढलेली संस्था. जून २०२२ मध्ये त्यांनी स्त्री-पुरुषांच्या साचेबंद चित्रणावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या नीट वाचा, कारण घरकाम करणारी बाई दाखवायला बंदी नाहीच. हे काम तिचंच, दुसरं कुणी करतच नाही, असं सुचवलं तर हरकत. म्हणजे नुसत्या सिमला मिरचीवर तक्रार टिकायची नाही. ओळ आणि चित्र एकत्र मांडा: मालकीण ती, पण जाहिरात बोलतेय नवऱ्याशी, आणि तिला जागा ओट्यापाशी. ब्रोशर मिळालं असेल तर तेही जोडा. अख्ख्या ब्रोशरमध्ये ती किचनबाहेर पडतच नसेल तर तक्रारीला वजन येतं.

तक्रार ऑनलाइन होते, पैसे पडत नाहीत. जाहिरातदाराला बाजू मांडायला देतात, मग त्यांची समिती ठरवते. टीव्हीवरच्या जाहिरातींना केबल टीव्हीच्या नियमांमुळे आस्कीची संहिता पाळावीच लागते. होर्डिंगला तसा दट्ट्या नाही, तरी नोटीस आली की मार्केटिंगवाले हलतात.

आणि आतली गोष्ट. हे चित्र कुणी डोकं लावून काढलेलं नसतं. स्टॉक फोटोंच्या साइटवर ‘इंडियन फॅमिली न्यू होम’ टाकलं की हेच जोडपं येतं. मी एकदा कणीक मळणारा नवरा टाकून लेआउट नेलं होतं. क्लायंटने शांतपणे विचारलं, ‘याची मिसेस वारली का?’

रोजचा_प्रवासी
एक चित्र आहे, सोडा ना. बाईला किचन आवडलं तर बिघडलं कुठे?

मीठभाकर
मला पार्किंग आवडतं.

चरईचे_काका
ताई, आधी टक्क्याचं बघा. ही मुद्रांक शुल्काची सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे. घर निवासी हवं आणि खरेदीदार सगळ्या महिलाच हव्यात. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. तुम्ही दोघी बहिणी, तुम्हाला ती पूर्ण मिळेल. ठाण्यात मेट्रो सेस धरून सात टक्के भरावे लागतात, तुम्हाला सहा. पंच्याऐंशी लाखांवर पंच्याऐंशी हजार वाचले. पूर्वी पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढली. त्या सेल्सवाल्याला म्हणावं, या सवलतीसाठी मिस्टर आणायचे नसतात, वगळायचे असतात.

आता दुसरं. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) काढून बघा, शेअर सर्टिफिकेट बघा, निम्म्या फ्लॅटवर बायकांची नावं. आणि एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला कोण? नवरे. हजेरीच्या वहीत बिनदिक्कत स्वतःची सही ठोकतात. एका वर्षी मी एकाला अडवलं. म्हटलं, सभासद वहिनी आहेत, मत त्यांचं. तुम्ही सहयोगी सभासद असाल तर त्यांची लेखी संमती दाखवा. ‘काका, नाव नुसतं टॅक्ससाठी आहे हो!’ वहिनी वर घरातच होत्या. इंटरकॉमवरून बोलावून घेतलं. आल्या, बसल्या, टाकीच्या दुरुस्तीचा ठराव वाचला आणि विचारलं, कोटेशन एकच कसं? बाकीची कुठेत? सभा अर्धा तास लांबली आणि उत्तरं मला द्यावी लागली. पुढच्या वर्षी आणखी काही जणी आल्या. होर्डिंग उतरवा जरूर, पण घर घेतल्यावर सभेला या.

मीठभाकर
काका, येणारच. कॉपीवाली ताई, आस्कीकडे तक्रार टाकली. होर्डिंगचा फोटो, जागा, तारीख, सगळं दिलं. क्यूआर कोड आहे, पण इतका बारीक आणि इतक्या उंचावर की तो फक्त कावळ्यांना स्कॅन करता येईल. ब्रोशरही जोडलं. त्यात ती किचनमध्ये आहे, देवघरापुढे आहे, मुलाला स्कूलबसपर्यंत सोडताना आहे. एकदा स्विमिंग पूलवर पोचलीये. पाण्यात नवरा आणि मुलगा, ती काठावर टॉवेल घेऊन उभी!

परवा सेल्सवाल्याचा फोन आला. भाच्याला. ‘सर, काही डिसिजन?’ त्याने सांगितलं, पैसे माझ्या दोन मावश्यांचे आहेत, नंबर घ्या. माझा फोन अजून वाजलेला नाही. शनिवारी कोलशेतला दुसरी साइट बघतोय. काका, पार्किंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये कसं लिहून घ्यायचं?

चरईचे_काका
उघड्यावरचं पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, त्याचे पैसे मागितले तर देऊ नका. गॅरेज किंवा कव्हर्ड असेल तर नंबर, लांबी-रुंदी-उंची आणि नेमकी जागा अ‍ॅग्रीमेंटच्या जोडपत्रात यायला हवी, महारेराने २०२४ मध्ये तसा आदेश काढलाय. ‘नंतर अलॉट करू’ म्हणाले तर टोकन देऊ नका. खांबाजवळची जागा देतात आणि मग दार उघडत नाही, तेही बघा. टेप घेऊन जा.