पर्जन्यमापकांच्या विखुरलेल्या नोंदींवरून ग्रिड: आयडीडब्ल्यू की क्रिगिंग? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या पर्जन्यमापक केंद्रांच्या जून ते सप्टेंबरच्या बेरजांवरून 1 किमीचं ग्रिड (1 किमीच्या चौकोनांचा पावसाचा नकाशा) बनवतोय. मधल्या जागांचा पाऊस आयडीडब्ल्यूने (जवळच्या केंद्राला जास्त वजन देणारी सरासरी) काढावा की क्रिगिंगने (अंतरानुसार नोंदी किती सारख्या राहतात ते पाहून वजनं ठरवणारी सांख्यिकी पद्धत), हा प्रश्न आहे. क्यूजीआयएस (नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर) वापरतो. अक्षांश-रेखांश आधीच यूटीएम झोन 43 उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपणात बदलून घेतलेत, त्यामुळे अंतरं मीटरमध्येच आहेत.

अडचण घाटाची आहे. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिमीच्या आसपास पाऊस, आणि तिथून रस्त्याने तीसेक किमीवरच्या वाईला हजाराच्याही आत. आयडीडब्ल्यू चालवलं की महाबळेश्वरभोवती बैलाच्या डोळ्यासारखी गोल वर्तुळं उमटतात आणि पाचगणीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेतही, भरमसाट पाऊस दिसतो. पॉवर (अंतराचा घातांक) 2 वरून 4 केली, तरी वर्तुळं जात नाहीत, त्यांच्या कडा फक्त तीव्र होतात. स्प्लाइनने (बिंदूंवरून गुळगुळीत पृष्ठभाग बसवणारी पद्धत) तर पूर्वेकडच्या कोरड्या माण तालुक्याच्या बाजूला चक्क उणे पाऊस दाखवला!

आता एसआरटीएमची (अवकाशयानातून रडारने मोजलेली) उंची जोडीला घेऊन रिग्रेशन क्रिगिंग (आधी पावसाचा उंचीशी संबंध बसवायचा, मग उरलेल्या फरकावर क्रिगिंग) करावं म्हणतोय. पण नुसती उंची पुरेल का? पाचगणीही उंचावरच आहे, तरी पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहून कमी. घाटमाथ्याच्या कड्यापासूनचं अंतर दुसरा चल म्हणून कुणी घेतलंय का? शिवाय केंद्रं बहुतेक तालुक्याच्या गावी, कोयनेच्या जंगलात जवळपास नाहीतच. एवढ्या मोजक्या बिंदूंवर व्हेरिओग्राम (अंतराबरोबर नोंदींमधला फरक कसा वाढतो त्याचा आलेख, क्रिगिंग यावरच चालतं) विश्वासार्ह येतो का?

हवामान खात्याचं 0.25 अंशांचं तयार ग्रिड माहीत आहे, पण त्याचा एकेक चौकोन पंचवीसेक किमीचा. महाबळेश्वर आणि पाचगणी एकाच चौकोनात यायची.

आर या संगणकभाषेतलं जीस्टॅट (क्रिगिंगचं पॅकेज) वापरणाऱ्यांनी जरूर सांगा. एकेक केंद्र वगळून पडताळणी कशी केली, तेही लिहिलंत तर फार बरं होईल.