सर्वकाळातला श्रेष्ठ बुद्धिबळपटू कोण? मुकुट जिंकणे मोठे, की तो राखणे?

पांढरे प्यादे (प्रश्न)

मी गेली अनेक वर्षे सांगलीत रविवारी सकाळी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून वर्गात मुलींची संख्या चांगलीच वाढली आहे. त्यांतल्याच एका बारा वर्षांच्या मुलीने गेल्या आठवड्यात विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून तो येथे मांडतो.

वर्गाच्या भिंतीवर बॉबी फिशरचे एक जुने छायाचित्र आहे. ‘सगळ्यांत मोठा खेळाडू कोण?’ असे मुलांनी विचारले की मी त्याच्याकडे बोट दाखवतो आणि १९७१ सालची हकिकत सांगतो. आव्हानवीर ठरवण्याच्या सामन्यांत फिशरने तैमानोव्हला ६-० असे हरवले, मग लार्सनला ६-०, आणि शेवटी माजी विश्वविजेत्या पेट्रोस्यानला साडेसहा विरुद्ध अडीच गुणांनी. त्या पातळीवर निम्म्याहून अधिक डाव बरोबरीत सुटतात, आणि येथे दोन नामांकित ग्रँडमास्टरांना मिळून बारा डावांत अर्धा गुणही मिळवता आला नाही. पुढच्या वर्षी आइसलँडमधल्या रेक्याविकला तो विश्वविजेत्या स्पास्कीविरुद्ध पहिला डाव हरला, दुसऱ्या डावाला आलाच नाही, आणि तरीही सामना त्याने साडेबारा विरुद्ध साडेआठ असा जिंकला.

हे सगळे ऐकून घेतल्यावर त्या मुलीने विचारले, “सर, मग विश्वविजेता झाल्यावर त्याने कोणाला हरवले?”

कोणालाच नाही, हेच खरे उत्तर होते. १९७५ मध्ये आव्हानवीर कार्पोव्हशी खेळण्यासाठी त्याने घातलेल्या सगळ्या अटी मान्य झाल्या नाहीत, तो पटावर बसला नाही, आणि मुकुट न खेळताच कार्पोव्हकडे गेला. १९९२ मध्ये स्पास्कीशी पुन्हा सामना होईपर्यंत फिशर जाहीरपणे एकही डाव खेळला नाही. मला ही माहिती पूर्वीपासून होती, पण ती इतक्या सरळ शब्दांत कोणी माझ्यासमोर ठेवली नव्हती. तेव्हा जाणकारांना विचारतो: श्रेष्ठत्व ठरवताना शिखराची उंची मोजावी, की शिखरावर टिकून राहण्याला अधिक वजन द्यावे? आणि दुसरा निकष धरला, तर भिंतीवर कोणाचे छायाचित्र लावावे?

अडीच घरे

छायाचित्र काढण्याची घाई करू नये, असे मला वाटते. आधी शिखराची उंची नेमकी किती होती ते पाहू.

इलो गुणांकन वेगवेगळ्या काळांतल्या खेळाडूंची तुलना करण्यासाठी तयार झालेलेच नाही. एका काळातले खेळाडू एकमेकांपेक्षा किती सरस आहेत एवढेच ते सांगते. म्हणून फिशरचे १९७२ चे २७८५ आणि मॅग्नस कार्लसनचे २०१४ चे २८८२ हे आकडे शेजारी ठेवून कार्लसन फिशरपेक्षा ९७ गुणांनी मोठा, असे म्हणणे चुकीचे आहे. पाहायचे ते हे, की त्या त्या वेळी दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू किती मागे होता. जुलै १९७२ च्या यादीत फिशर २७८५ वर होता आणि विश्वविजेता स्पास्की २६६० वर, म्हणजे अंतर १२५ गुणांचे. एवढे अंतर असते तेव्हा वरचा खेळाडू सरासरी तीन डावांतून दोन गुण मिळवील, असे हे गणित सांगते, आणि हे जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूविरुद्ध! कास्पारोव्ह १९९९ मध्ये २८५१ या त्याच्या सर्वोच्च गुणांकनावर होता, तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचा विश्वनाथन आनंद सुमारे ८० गुणांनी मागे होता. कार्लसन २८८२ वर पोहोचला, तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचा अरोनियन सुमारे ६७ गुणांनी मागे होता. फिशरच्या वेळचे अंतर नंतर कोणालाच गाठता आलेले नाही.

शिवाय परिस्थितीही लक्षात घ्यावी. सोव्हिएत खेळाडूंच्या मागे प्रशिक्षक होते, सहायक होते, सरकारी पाठबळ होते. डाव तहकूब झाला की रात्रभर चारचार डोकी त्या स्थितीवर बसत. फिशरने मात्र आपली तयारी बहुतांशी एकट्यानेच केली, आणि सोव्हिएत नियतकालिके वाचता यावीत म्हणून रशियन शिकून घेतले. रेक्याविकचा सहावा डाव मुलांना जरूर दाखवा. आयुष्यभर राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकून सुरुवात करणाऱ्या या माणसाने त्या दिवशी उंटासमोरचे प्यादे सी ४ वर टाकले, डाव ‘वजिराचा गँबिट’ या त्याच्यासाठी वेगळ्या सुरुवातीत नेला, आणि तो इतक्या स्वच्छपणे जिंकला की प्रेक्षकांबरोबर स्पास्कीनेही टाळ्या वाजवल्या. विश्वविजेतेपदाच्या सामन्यात हरलेला विश्वविजेता टाळ्या वाजवतो, हे दृश्य मला कोणत्याही गुणांकनापेक्षा मोठे वाटते.

शहानंतर

अडीच घरे यांचे गणित बिनचूक आहे, परंतु त्या मुलीच्या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळत नाही. विश्वविजेतेपद मिळवणारा माणूस दुसऱ्याच्या खेळातल्या उणिवा हेरतो. ते मिळाल्यानंतर सगळे जग त्याच्या खेळातल्या उणिवा हेरू लागते. ही दुसरी परीक्षा पहिलीपेक्षा कितीतरी कठीण असते आणि फिशरने ती दिलीच नाही. म्हणून माझे मत गॅरी कास्पारोव्हला आहे, आणि त्याचे मुख्य कारण अनातोली कार्पोव्ह हा आहे.

या दोघांनी १९८४ ते १९९० या काळात विश्वविजेतेपदासाठी पाच सामने खेळले. त्यांत एकूण १४४ डाव झाले. कास्पारोव्हने २१ जिंकले, कार्पोव्हने १९, आणि १०४ बरोबरीत सुटले. इतके अटीतटीचे दुसरे वैर या खेळात मला माहीत नाही. पहिल्या सामन्यात सहा डाव जिंकणारा विजयी ठरणार होता. २७ व्या डावानंतर कार्पोव्ह ५-० असा पुढे होता, म्हणजे एकविशीतल्या कास्पारोव्हची आणखी एक चूक झाली असती तर सारे संपले असते. त्यापुढच्या २१ डावांत तो एकदाही हरला नाही, उलट तीन डाव जिंकला, आणि ४८ व्या डावानंतर सामना निकालाविना थांबवण्यात आला. १९८५ मध्ये नव्याने झालेल्या सामन्यात कार्पोव्हला १३-११ असे हरवून तो विश्वविजेता झाला.

मुलांना दाखवायचाच असेल तर स्पेनमधल्या सेव्हिया येथील १९८७ च्या कार्पोव्हविरुद्धच्या सामन्याचा २४ वा, म्हणजे शेवटचा डाव दाखवा. तेविसावा डाव कास्पारोव्ह स्वतःच्या चुकीने हरला होता. कार्पोव्ह १२-११ असा पुढे होता, त्यामुळे शेवटचा डाव बरोबरीत सुटला असता तरी मुकुट गेला असता. अशा वेळी कोणीही पांढऱ्या मोहऱ्यांनिशी तुटून पडेल. कास्पारोव्हने तसे केले नाही. त्याने सी ४ या शांत चालीने सुरुवात केली, मोहऱ्यांची मारामारी शक्य तितकी टाळली, पटावर गर्दी राहू दिली आणि दडपणाचे काम घड्याळावर सोपवले. कार्पोव्हचा वेळ कमी पडू लागला, त्याच्याकडून बारीक चुका झाल्या आणि एक प्यादे गेले. डाव तहकूब होऊन दुसऱ्या दिवशी पुढे चालला, आणि ६४ व्या चालीला कार्पोव्हने डाव सोडला. सामना १२-१२ असा सुटला आणि मुकुट कास्पारोव्हकडेच राहिला. ज्या खेळाडूची ओळख आक्रमक म्हणून आहे, त्याने आयुष्यातला सर्वांत निकडीचा डाव संयमाने जिंकला, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आक्रमण पाहायचेच असेल, तर १९९९ चा नेदरलँड्समधल्या वाइक आन झेये येथील टोपालोव्हविरुद्धचा डाव आहेच. चोविसाव्या चालीला हत्ती देऊन त्याने काळ्या राजाला वाड्यातून बाहेर ओढले, आणि तो राजा ए ५ पासून चालतचालत पांढऱ्याच्या पहिल्या ओळीपर्यंत, डी १ वर येऊन पोहोचला. तेथे ३६ वी चाल म्हणून उंट मुकाट्याने एफ १ या आपल्या मूळ घरी परतला, आणि काळ्याची शेवटची आशा तिथेच संपली. मोठा पट घेऊन हा डाव मांडावा, आणि ती चाल मुलांनाच शोधायला सांगावी.

प्रदीर्घ डाव

टिकून राहणे हाच निकष असेल, तर कास्पारोव्हच्या बाजूने मांडलेल्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली आहे. १९९३ मध्ये तो जागतिक महासंघापासून वेगळा झाला, आणि त्यानंतर आव्हानवीर कोण असावा हे ठरवण्यात त्याचाही हात राहिला. १९९८ मध्ये शिरोव्हने क्रामनिकला हरवून कास्पारोव्हशी खेळण्याचा हक्क मिळवला होता. त्या सामन्यासाठी पैसे उभे राहिले नाहीत, आणि २००० मध्ये लंडनला आव्हानवीर म्हणून क्रामनिकच बसला. मला यात शिरोव्हवर अन्याय झालेला दिसतो. लंडनच्या सामन्यात क्रामनिकच्या ‘बर्लिन बचाव’ या काळ्याच्या भक्कम सुरुवातीपुढे कास्पारोव्हला एकही डाव जिंकता आला नाही. कास्पारोव्ह खेळाडू म्हणून महान आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही, परंतु ‘मुकुट राखणे’ या कसोटीवर शेवटची सात वर्षे तितकी निर्मळ नाहीत.

मॅग्नस कार्लसनचे तसे नाही. २०१३ मध्ये चेन्नईला, आनंदच्याच गावी, त्याने मुकुट जिंकला. पुढे आनंद, कार्याकिन, कारुआना आणि नेपोम्नियाची या चौघांविरुद्ध महासंघाने ठरवलेल्या सामन्यांत त्याने तो राखला. आपल्या सगळ्यांची सहानुभूती आनंदच्या बाजूने होती आणि चेन्नईचा तो निकाल मला आजही बोचतो, पण खेळ पाहिला तर तक्रारीला जागा नव्हती. जुलै २०११ पासून गुणांकनात कार्लसन अखंड पहिला आहे. २०१८ ते २०२० या काळात तो सलग १२५ क्लासिकल (दीर्घ वेळेच्या) डावांत अपराजित राहिला, आणि हे अशा काळात, जेव्हा प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या घरी विश्वविजेत्याहून बलवान संगणक आहे. ओपनिंगची, म्हणजे सुरुवातीच्या चालींची, गुपिते आता कोणाकडे फारशी उरलेली नाहीत. म्हणून कार्लसन साधी, जवळपास समसमान स्थिती घेतो आणि ती जिंकून दाखवतो.

डिसेंबर २०२१ मधला दुबईचा नेपोम्नियाचीविरुद्धचा सहावा डाव याचा उत्तम नमुना आहे. तो १३६ चाली आणि पावणेआठ तासांच्या आसपास चालला. विश्वविजेतेपदाच्या सामन्यांत याहून लांब डाव झालेला नाही. कार्लसनने वजीर देऊन दोन हत्ती घेतले होते, आणि शेवटी त्याच्याकडे हत्ती, घोडा आणि दोन प्यादी उरली होती. समोर एकटा काळा वजीर. थोड्या मोहऱ्यांच्या स्थितींचे अचूक निकाल देणाऱ्या संगणकीय कोशाप्रमाणे ही स्थिती बरोबरीची होती आणि ती १३० व्या चालीपर्यंत तशीच होती. मग वजिराने एक चाल चुकीची खेळली. एवढ्या तासांनंतर समोरच्याच्या हातून ती एक चाल चुकेल, या विश्वासाने प्रत्येक चाल नेमकी खेळत राहणे मला कोणत्याही बलिदानाइतकेच सुंदर वाटते. त्या डावानंतर नेपोम्नियाची सावरलाच नाही, आणि सामना तीन डाव शिल्लक असतानाच साडेसात विरुद्ध साडेतीन असा संपला.

शहानंतर

शिरोव्हविषयीचा आक्षेप मी मान्य करतो. मात्र कार्लसननेही २०२३ मध्ये मुकुट न खेळताच सोडला. पुढे २०२४ मध्ये सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून गुकेश अठराव्या वर्षी विश्वविजेता झाला, तेव्हा जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू त्या शर्यतीत नव्हताच. फिशरला लावलेला नियम येथेही लावायला हवा.

प्रदीर्घ डाव

दोन्ही प्रसंग सारखे नाहीत. फिशर एकदाही मुकुट राखायला बसला नाही आणि त्याने खेळणेच थांबवले. कार्लसनने चार वेळा राखून मग तो खाली ठेवला, आणि त्यानंतरही तो स्पर्धांत उतरून गुकेशसारख्या तरुणांशी खेळतो. २०२५ मध्ये नॉर्वेत गुकेशकडून तो हरलाही. हरण्याची शक्यता पत्करून जो पटावर येतो, तो पळाला असे म्हणता येणार नाही.

काळा उंट

केवळ टिकण्याची मोजणी करायची तर लास्करचे नाव घेतल्याशिवाय चर्चा पुरी होत नाही. तो १८९४ ते १९२१ अशी २७ वर्षे विश्वविजेता होता. कापाब्लांकाकडून मुकुट हरल्यानंतर तीन वर्षांनी, पंचावन्नाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या स्पर्धेत कापाब्लांका आणि अलेखाइन दोघांनाही मागे टाकून तो पहिला आला. सामन्यांमध्ये त्याने अनेकदा वर्षानुवर्षांचे अंतर ठेवले, म्हणून मी त्याला पहिला क्रमांक देणार नाही, पण मुलांना हे नाव माहीत असावे.

आणखी एक सुचवावेसे वाटते. प्रश्न मुलीने विचारला आहे, तर तिला यूदित पोल्गारविषयीही सांगावे. फिशरचा सर्वांत लहान ग्रँडमास्टर होण्याचा विक्रम १९९१ मध्ये तिनेच मोडला. २००२ मध्ये जलद डावात तिने कास्पारोव्हला हरवले, आणि २७०० गुणांकनाच्या वर गेलेली ती आजवरची एकमेव स्त्री आहे.

पांढरे प्यादे

सर्वांचे मनापासून आभार. मी सर्व प्रतिसाद दोनदा वाचले आणि सेव्हियाचा चोविसावा डाव काल रात्री पटावर मांडून पाहिला. विसाव्या चालीच्या आसपास पांढऱ्याकडे दाखवण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. मुकुट जाण्याची वेळ आलेला माणूस अशा स्थितीत स्वस्थ बसून एकेक मोहरा सुधारत राहतो, हे पाहताना माझे मत ठरले. माझ्या दृष्टीने पहिला क्रमांक कास्पारोव्हचा. कार्लसन त्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून उभा आहे, आणि तो अजून खेळत असल्यामुळे हे मत बदलायलाही मी तयार आहे.

फिशरचे छायाचित्र काढणार नाही. स्पास्कीच्या टाळ्यांची आठवण करून दिल्यानंतर तसे करायला हात धजणारच नाही. त्याच्या शेजारी सेव्हियाच्या डावातली तहकुबीच्या वेळची स्थिती मोठ्या कागदावर काढून लावणार आहे. येत्या रविवारी ती मुलगी आली की तिला पांढऱ्याच्या बाजूने बसवीन, मी काळी मोहरी घेईन, आणि एक प्यादे जास्त असताना हा डाव ती कसा जिंकते ते पाहीन.