जलरंगात रंगाचा दुसरा हात कधी द्यायचा, हे मुलांना कसं शिकवायचं?

जांभळी_छटा (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. मी गावातल्या हायस्कुलात चित्रकला शिकवते आणि सुट्टीला बोर्ड घेऊन निसर्गचित्रं करायला बाहेर पडते. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी म्हणजे पोस्टर कलर. त्यात मुलांचा हात छान बसलाय. सपाट रंग, स्वच्छ कड, उजेड हवा तिथे पांढरा. इंटरमिजिएट झालेली काही मुलं आता रविवारी माझ्याकडे जलरंग शिकायला येतात, आणि अडतंय ते इथे. जलरंगात उजेडाला कागदच कोरा सोडायचा, म्हणून पांढऱ्या रंगाची बाटली मी काढूनच घेतली, तेवढं जमलं. पण ओल्या कागदावर रंग सोडायचा म्हटलं की आभाळ चकाकत असतानाच डोंगर लावतात आणि डोंगर आभाळात वाहून जातो. नाही तर आभाळ अर्धवट सुकल्यावर पाण्याने भरलेला ब्रश टेकवतात आणि मधोमध डाग फुटतो.

मला स्वतःला हे हाताने कळतं. कागदाकडे बघितलं की 'आता' असं आतून येतं. ते 'आता' मुलांना सांगायचं कसं? घड्याळ लावून उपयोग नाही. जुलैत आमच्याकडे कागद सुकायचं नाव घेत नाही, मार्चमध्ये बघता बघता कोरडा. 'सरावाने येईल' एवढ्यावर मला मुलांना सोडायचं नाही. ज्यांच्या घरी सरावाला कागदच नाही, त्यांनी काय करायचं?

पंचगंगा_काठ (कोल्हापूर)

ताई, तुमचं 'आता' डोळ्यांना दिसतं, फक्त वरून बघितलं तर दिसत नाही. मुलांना खिडकीकडे तोंड करून बसवा आणि मान खाली घालून कागदाच्या पातळीवरून उजेडाच्या दिशेने बघायला लावा. आधी कागद आरशासारखा चकाकतो. पाणी वर उभं असतं, तेव्हा लावलेला रंग कुठेही पळतो. मग चकाकी मंद होते, कागदाचा दाणा, म्हणजे त्याचा खरखरीतपणा, दिसायला लागतो. मऊ कडेचा डोंगर, लांबची झाडी, सगळं याच वेळात. त्यानंतर चकाकी जाते, पण बोटाची मागची बाजू लावली तर कागद गार लागतो. इथे ब्रश अजिबात टेकवायचा नाही. सगळे डाग या वेळेला पडतात, कारण कागद कोरडा झालाय असं वाटतं आणि तो झालेला नसतो. गारवा गेला की मग खुशाल दुसरा हात द्या.

दुसरी गोष्ट ब्रशची. कागदावर जेवढं पाणी आहे त्याहून ब्रशात कमी हवं. जास्त असलं तर ते पाणी बाजूच्या कमी ओल्या भागात शिरतं, तिथला रंग ढकलत नेतं आणि कडेला सोडतं. फुटलेला डाग म्हणजे तेच. पाण्यात बुडवलेला ब्रश आधी फडक्याला टेकवायचा, मग रंगाला. ही सवय मी पहिल्या दिवसापासून लावतो.

आणि सुरुवातीला चित्र काढूच देऊ नका. बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी रंगाचा) एकच वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातला पातळ थर, लांब पट्टीवर. तो सुकत असताना थोड्या थोड्या वेळाने त्याच पट्टीवर अल्ट्रामरीन निळ्याचा एकेक फटकारा, आणि खाली पेन्सिलीने लिहायचं: 'चकाकतंय', 'दाणा दिसतोय', 'गार आहे'. पट्टी पूर्ण सुकली की मुलाच्या हातात स्वतःच्या कागदाचा, स्वतःच्या गावच्या हवेचा तक्ता असतो. पावसाळ्यात एक, उन्हाळ्यात एक. चित्राची धास्ती नसते, त्यामुळे मुलं नीट बघतात.

रापलेला_ब्रश (मुंबई)

वरचं सगळं पटलं. एकच सांगावंसं वाटतं: ओल्यातच सगळं साधायचं, असं मुलांच्या मनात बसू देऊ नका. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर तुमच्या कोकणचेच. स्वतः शिक्षक, 1908 मध्ये त्यांनी मुंबईत आपली कलासंस्था काढली. हातात दिवा घेतलेल्या मुलीचं त्यांचं चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे. 1945-46 च्या सुमाराचं, कागदावर जलरंगात केलेलं. ते तैलचित्र आहे असं आजही कितीतरी लोक समजतात. मुलांना त्याची चांगली छपाई दाखवा. पोस्टर कलरहून आलेल्या मुलांना वाटतं की जलरंग म्हणजे फिकट. पारदर्शक रंगातही अंधार किती खोल जाऊ शकतो, हे एकदा बघितलं की पांढऱ्या बाटलीची आठवण निघत नाही. गडद छटेसाठी पूर्ण सुकलेल्या थरावर पातळ थर, घासाघीस न करता.

ताडोबा_वाट (चंद्रपूर)

आमचं दुखणं उलटं. मे महिन्यात वॉश खाली येईपर्यंत वरची कड सुकलेली असते. पाण्यात ग्लिसरीनचा एखादा थेंब टाकला की थोडा वेळ मिळतो. तुम्ही मात्र त्या वाटेला जाऊ नका, तुमच्या हवेत कागद सुकणारच नाही.

जांभळी_छटा (रत्नागिरी)

सगळ्यांचे मनापासून आभार. पट्टीचा प्रयोग आज वर्गात केला. 'गार आहे' हे आठवीतल्या एका मुलीने माझ्याआधी ओळखलं, इतका आनंद झाला! पण साध्या ड्रॉइंग पेपरला पोक येतात, पाणी खड्ड्यात साचतं आणि चकाकी एकसारखी जातच नाही. चांगला कागद मुलांना परवडत नाही. माझ्याकडे गेल्या वर्षीचे काही कॉटन पेपर आहेत, त्यावर वॉश दिला तर जागोजागी ठिपके उमटतात, रंग आत शोषला जातो.

पंचगंगा_काठ (कोल्हापूर)

ठिपके बुरशीचे. कागदाने रंग लगेच शोषू नये म्हणून त्याला दिलेलं सायझिंग (खळ) बुरशीने खाल्लं की तिथे रंग टिपकागदावर पडल्यासारखा आत जातो. त्याला उपाय नाही. ते कागद पेन्सिल आणि चारकोलला वापरा. नवे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

परवडण्याचं म्हणाल तर 22 बाय 30 इंचांचा 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम, म्हणजे जाड) एक कॉटन पेपर घ्या आणि आठ तुकडे करा. साडेसात बाय अकराचा तुकडा शिकायला पुरेसा आहे. दोन्ही बाजूंनी काम होतं, म्हणजे एका कागदात सोळा अभ्यास. चारही कडा टेपने बोर्डाला चिकटवा, बोर्डाखाली एक वही सरकवून उतार द्या. खाली जमलेला थेंब कोरड्या ब्रशाने टिपून घेतला की चकाकी वरून खाली क्रमाने जाताना दिसेल. तुमच्या त्या आठवीतल्या मुलीला पहिला तुकडा द्या.