मदत हवी आहे: बीटल्सच्या गाण्यात तंबोरा ऐकला, पुढचं काही उमगत नाही

खर्जाची तार

मंडळी, पाश्चात्त्य संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. मी मिरजेची. गाणं शिकवते आणि गेली तीसेक वर्षं कुणा ना कुणाच्या मागे बसून तंबोरा छेडत आले आहे.

गेल्या रविवारी भाच्याबरोबर कोल्हापूरला निघाले होते. गाडीत त्याची गाणी चालू होती, मी खिडकीतून ऊस बघत बसलेले. अंकलीचा पूल ओलांडला, एक गाणं संपलं आणि शांततेतून हळूहळू तंबोरा वर आला. मला वाटलं, माझ्याच मोबाइलवरचं तंबोऱ्याचं ॲप चुकून चालू झालं. पर्समध्ये हात घालून बंद करायला गेले तर ते बंदच! तेवढ्यात ड्रम धडधडू लागले, आणि मग काय काय आलं ते मला धड सांगताही येणार नाही. पक्ष्यांचे चीत्कार, मध्येच ऑर्केस्ट्राचा एक लांब सूर आणि या सगळ्या गलबल्यात एक माणूस अगदी संथपणे गातोय. तीन मिनिटांच्या आत खेळ खलास. "कोण रे हे?" म्हटलं तर भाचा म्हणाला, "मावशी, बीटल्स. टुमॉरो नेव्हर नोज. सायकेडेलिक रॉक म्हणतात याला." पुढे काही विचारलं की त्याचं एकच उत्तर, "गूगल कर."

गूगल केलं. इंग्रजीतले लांबलचक लेख निघाले, त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं. म्हणून इथे विचारते.

घरी येऊन पेटी काढली. षड्ज पांढरी एकला लागला. गाणं तिथून हलतच नाही. शुद्ध गंधार, पंचम, वर कोमल निषाद, म्हणजे ढोबळमानाने खमाजच्या अंगाने जातं. (खमाज राग म्हणत नाहीये, कृपया तुटून पडू नका.) ही मंडळी सारखे कॉर्ड बदलतात अशी माझी समजूत होती. इथे बाकी सगळं घर हलतंय आणि षड्ज मात्र जागचा ढळत नाही. हे त्यांना कुणी शिकवलं? तंबोरा खरा आहे की यंत्रातला? पक्षी कुठले? साधारण मध्यावर सारंगीसारखं काहीतरी मींड घेत येतं, पण त्याचा शेवट विचित्र आहे, सूर विरत नाही, कापला जातो. ते वाद्य कोणतं? आणि त्यानंतर गाणाऱ्याचा आवाज एकदम का बदलतो, की मलाच तसं वाटतंय?

अवांतर: घरी जो इअरफोन आहे त्याची डावी बाजू मुकी आहे. त्यावर ऐकलं तेव्हा गाडीतलं अर्धं गाणं गायब होतं. हा दोष इअरफोनचाच ना?

उलटी टेप

ताई, दंडवत. पहिल्याच ऐकण्यात तुमच्या कानाने जे पकडलं ते पकडायला मला कॉलेजची तीन वर्षं लागली.

तंबोरा खरा आहे. गाणं १९६६ चं, तुमच्या त्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या पेट्या सत्तरच्या दशकाच्या शेवटी आल्या. बीटल्समधल्या चौघांपैकी जॉर्ज हॅरिसनला तेव्हा सतारीचं वेड लागलं होतं आणि तंबोराही त्यानेच आणला. ६ एप्रिल १९६६ ला लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत या गाण्याचं ध्वनिमुद्रण सुरू झालं. 'रिव्हॉल्व्हर' या तबकडीसाठी सगळ्यात आधी हे गाणं घेतलं आणि तबकडीवर ते सगळ्यात शेवटी ठेवलं. बरोबर केलं, याच्यानंतर काय लावणार?

पक्षी नाहीत हो ते. तो पॉल मॅकार्टनी हसतोय. टेपचा वेग वाढवल्यावर त्या हसण्याचे समुद्रपक्षी झाले. त्याने घरच्या टेपरेकॉर्डरचं जुना आवाज पुसणारं हेड निकामी केलं होतं. त्यामुळे टेपची दोन टोकं चिकटवून माळ केली की दर फेरीला नवा आवाज जुन्यावर चढत जायचा. अशा पाच माळा गाण्यात आहेत. स्टुडिओच्या इमारतीत वेगवेगळ्या मशीनवर त्या एकाच वेळी फिरत होत्या, माणसं पेन्सिलीवर टेप ताणून उभी होती आणि मिक्सरवर एकेक आवाज हाताने वरखाली केला जात होता. तो खेळ तसाच्या तसा पुन्हा करणं अशक्य. तुमच्या मैफिलीसारखंच, त्या दिवशी जमलं ते जमलं.

आवाज बदलतो हे शंभर टक्के बरोबर. जॉन लेननला आपला आवाज डोंगरमाथ्यावरून मंत्र म्हणणाऱ्या दलाई लामांसारखा हवा होता. हॅमंड ऑर्गनचा एक स्पीकर असतो, लेस्ली नावाचा, त्यात आवाज बाहेर फेकणारा भाग गरागरा फिरतो. उत्तरार्धात लेननचा आवाज त्यातून काढलाय. ध्वनिमुद्रक जेफ एमरिक तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा. ड्रम इतके ठोस वाजतात कारण त्याने मोठ्या ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला आणि माइक अगदी जवळ नेला.

आता सारंगी. ती उलटी गिटार आहे. वाजवून घेतली आणि टेप उलटी फिरवली. तुम्ही तार छेडता तेव्हा आधी आघात आणि मग सूर विरत जातो ना? उलट केल्यावर आधी विरलेला सूर, तो फुगत फुगत येणार आणि आघातापाशी खटकन तुटणार. ऑडॅसिटी नावाच्या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग टाकून उलट करून बघा, माझ्या चार परिच्छेदांपेक्षा लवकर कळेल.

मोनोभक्त

इअरफोन आधी बदला. साठच्या दशकात स्टीरिओ नवं होतं, एक वाद्य पार डावीकडे आणि दुसरं पार उजवीकडे टाकायची पद्धत होती. एक कान बंद म्हणजे अर्धे वादक घरी गेले.

माझं ऐकाल तर मोनो मिक्स शोधा, म्हणजे दोन्ही कानांत सारखंच ऐकू येणारं, सगळं एकत्र छातीवर येतं. २०२२ चं नवं मिक्सही स्वच्छ आहे, पण मला ते जरा इस्त्री केल्यासारखं वाटतं. (आमच्या घरात यावरून भांडणं झालीत.) 'अँथॉलॉजी २' या बीटल्सच्या संग्रहावर याच गाण्याचा पहिला टेक आहे. तो जड, संथ, पाण्याखालून आल्यासारखा. तेव्हा गाण्याचं नावही ठरलं नव्हतं, कागदावर 'मार्क वन' होतं. पुढचं नाव रिंगो स्टारच्या तोंडून सहज निघालेलं वाकडंतिकडं वाक्य आहे.

स्पष्टवक्ता

एवढं कौतुक चाललंय म्हणून विचारतो, हे सगळं नशेतलं संगीत आहे हे ताईंना कुणी सांगणार का? त्यात आपला तंबोरा वापरला म्हणून भारावून जायचं?

उलटी टेप

सांगतो की, त्यात लपवायचं काय? लेननने टिमथी लिअरी हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांचं १९६४ चं पुस्तक वाचलं होतं. मृत्यूविषयीच्या तिबेटी ग्रंथाचा आधार घेऊन एलएसडी या नशेच्या द्रव्याच्या अनुभवाची ती वाटाड्या-पुस्तिकाच होती. गाण्याच्या शब्दांचा उगम तिथे आहे. पण टेपच्या माळा नशेत चिकटत नाहीत. त्याला ब्लेड, चिकटपट्टी आणि शुद्धीवरचा माणूस लागतो.

खर्जाची तार

स्पष्टवक्ते, भारावले वगैरे नाही हो. उलट तंबोरा फार कमी ऐकू येतो अशी माझी तक्रार आहे. ड्रम आले की तो मागे जातो. आमच्यात असं केलं तर गुरुजी मैफिलीनंतर बोलावून घेतात. शब्दांबद्दल म्हणाल तर शब्द मला योगनिद्रेच्या शिबिरातल्या सूचनांसारखे वाटले, मन सैल सोडा, प्रवाहात वाहू द्या. भाचा याला निर्गुणी भजन म्हणतो. मला नाही पटत. निर्गुणीत शब्दाचा चिमटा बसतो, इथे शब्द नुसते हात धरून नेतात आणि सोडून देतात. पण मधली ती उलटी गिटार! तिच्यासाठी मी पुन्हा पुन्हा ऐकतेय.

यानंतर काय ऐकू?

मोनोभक्त

त्याच तबकडीवर 'लव्ह यू टू' आहे. सुरुवातीला सतारीचा छोटा आलाप आणि मग तबला. तबला अनिल भागवतांचा, आणि तबकडीच्या वेष्टनावर त्यांचं नाव छापलंय. बीटल्सबरोबर वाजवणाऱ्या बाहेरच्या वादकांची नावं तेव्हा सहसा छापत नसत. रविशंकरांच्या ढंगाचं, सोळा मात्रांचं काहीतरी वाजवा, असं हॅरिसनने त्यांना सांगितलं होतं, पण उपज करायला मोकळीक दिली.

त्यानंतर 'दि इनर लाइट'. त्याचं वाद्यसंगीत जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत घेतलं. बासरी हरिप्रसाद चौरसियांची. ते गाणं गोड आहे, पण पुलावरचा धक्का तुम्हाला तिथे मिळणार नाही.

खर्जाची तार

भागवत? रिव्हॉल्व्हरवर? आणि हे मला आत्ता कळतंय! आज रात्रीच ऐकते.

इअरफोन नवा घेतला. तंबोरा सुरुवातीला एकटा आहे, ड्रमच्या आधी क्षणभरच, पण आहे. गाडीत मी तेवढाच ऐकला होता.

उलट करायचा प्रयोगही केला. माझी बारा वर्षांची विद्यार्थिनी संगणकात हुशार आहे, तिला बसवलं. आधी मी चारही तारा नेहमीसारख्या छेडल्या, मोबाइलवर मिनिटभर रेकॉर्ड केलं आणि तिने उलटं लावलं. काही विशेष वाटेना. चारही तारा एकमेकींत मिसळलेल्या, सुलट काय नि उलट काय, नुसता घुमारा. मी म्हटलं, मेलं फुकट गेलं. मग नुसता खर्ज छेडला आणि तो पूर्ण विरेपर्यंत थांबले. जवारीचा, म्हणजे तारेखालचा, दोरा जरा सरकवून घेतला होता, त्यामुळे सूर चांगला लांबला. ते उलटं लावलं. आधी काहीच नाही, मग लांबून कुणीतरी चालत यावं तसा खर्ज जवळ येत गेला, भरत गेला, आणि माझ्या बोटापाशी येऊन टक्कन बंद.

पोरगी म्हणाली, "बाई, परत लावू?" सात-आठ वेळा लावलं. मग तिची आई न्यायला आली.

आता एक नवीन शंका. गिटार वाजवणाऱ्याने सुलट वाजवताना उलटं कसं ऐकू येईल हे आधी लिहून काढलं होतं, की वाजवलं आणि जे निघालं ते ठेवलं? तानेचा अवरोह आधी बांधून मग आरोहाकडे यायचं, असा पलटा मी मुलींना देऊन बघितला. तिसऱ्याच स्वराला सगळ्या हसायला लागल्या. जाणकारांनी सांगावं.