मदत हवी आहे: बाबांच्या मृत्युपत्रात पेनाने खाडाखोड

बाबांनी सहा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहिलं होतं. परवा कपाट आवरताना त्यांनीच काढून दाखवलं. तीन पानं, शेवटी सही, दोन साक्षीदार. पण दुसऱ्या पानावर 'घर मुलाला' यातलं 'मुलाला' खोडून वर बारीक अक्षरात 'दोघांना समान' असं केलंय. मूळ शाई काळी, दुरुस्ती निळी. बाजूला ना सही, ना तारीख. ताईचं नि माझं यावरून भांडण नाही, समान वाटणी दोघांनाही मान्य आहे. पण ही दुरुस्ती धरली जाईल का?

शिवाय साक्षीदारांपैकी एक माझी बायको आहे. आणि बाबांचं म्हणणं, "मुखत्यारपत्र तुझ्या नावाने आहे ना, मग पुढचं तूच बघशील." पुढे काही विचारलं की, "माझी एवढी घाई झालीय का तुम्हाला?" इथे विषय संपतो.

प्रतिसाद:
मुखत्यारपत्राचा गैरसमज आधी काढा. माणूस गेला की ते त्याच क्षणी संपतं. काही ठिकाणी तर माणसाची समज गेली तरी साधं मुखत्यारपत्र चालत नाही. तशी तरतूद त्यात आधीच लिहावी लागते.

खाडाखोडीवर सही-साक्षीदार नसतील तर बहुतेक ठिकाणी मूळ मजकूरच धरतात, म्हणजे घर एकट्या तुम्हाला. नवंच मृत्युपत्र करा आणि त्यात 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द' हे वाक्य हवंच. बायकोला साक्षीदार ठेवू नका. अनेक देशांत साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेला वाटाच बाद होतो. तुमच्याकडचा नियम वकिलाला विचारा. ठेवी, विमा यांवरचे नॉमिनीही तपासा.

धागाकर्ता:
बापरे, नॉमिनी अजून आईच आहे, तिला जाऊन चार वर्षं झाली! ताईला मृत्युपत्राची व्यवस्थापक, म्हणजे त्याप्रमाणे वाटणी करून देणारी, नेमलं तर चालेल का? तीही वारस आहे.

प्रतिसाद:
सहसा चालतं. वाटा घेणारी व्यक्ती व्यवस्थापक होऊ शकते, साक्षीदार मात्र नको. नव्यावर सह्या होईपर्यंत जुनं फाडू नका. आणि मूळ प्रत फक्त बाबांच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका, नाहीतर तो लॉकर उघडायलाच कागद गोळा करत बसाल.