हवामानाच्या मॉडेलसाठी वेगळी भाषा हवी, की फोर्ट्रान ही जुनी प्रोग्रामिंग भाषाच पुरे?

अवकलन:
हवामानाच्या मॉडेलमध्ये, म्हणजे हवामानाचे गणित करणाऱ्या संगणक-प्रोग्राममध्ये, शास्त्रज्ञाला जे सांगायचे असते ते मुळात थोडके असते: शेजारच्या ग्रिडबिंदूंवरील, म्हणजे गणनेच्या जाळीतील बिंदूंवरील, तापमानांतला फरक घ्या, त्याला वाऱ्याच्या वेगाने गुणा आणि पुढच्या कालटप्प्यावर जा. प्रत्यक्ष कोडमध्ये मात्र ही एक ओळ लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या आज्ञांच्या) क्रमात, प्रोसेसरांमधल्या देवाणघेवाणीत आणि ओपनएसीसीच्या डायरेक्टिव्हमध्ये (काम जीपीयूवर चालवायला सांगणाऱ्या, कोडमध्ये पेरलेल्या सूचनांमध्ये) इतकी बुडून जाते, की मूळ समीकरण शोधावे लागते. शिवाय सीपीयूला (संगणकाच्या नेहमीच्या प्रोसेसरला) मेमरीची जी मांडणी मानवते ती जीपीयूला (एकाच वेळी असंख्य गणिते करणाऱ्या ग्राफिक्स प्रोसेसरला) मानवेलच असे नाही, त्यामुळे एकच गणित दोनदा लिहिण्याची वेळ येते. म्हणून गणित एका ठिकाणी लिहावे आणि यंत्राला साजेसा कोड साधनाने तयार करावा, अशा क्षेत्रविशिष्ट भाषा, म्हणजे डीएसएल, आता प्रयोगापुरत्या न ठेवता मुख्य प्रवाहात आणाव्यात, असे माझे ठाम मत आहे. स्वित्झर्लंडच्या हवामान संस्थेने कॉस्मो मॉडेलचा गतिकीय गाभा (वाऱ्याच्या गतीची समीकरणे सोडवणारा भाग) स्टेला या सी++मधील डीएसएलमध्ये नव्याने लिहिला आणि 2016 पासून रोजचे अंदाज जीपीयूवर काढले. हे केवळ स्वप्नरंजन नाही, याला एवढा पुरावा पुरेसा आहे.

जुनाजाणता:
उदाहरण चांगले आहे, पण आपण ते अर्ध्यावरच सोडले आहे. स्टेला आयताकृती ग्रिडसाठी घडवलेली होती. पुढे त्याच संस्थेने कॉस्मोऐवजी आयकॉन हे मॉडेल स्वीकारले, ज्याचा ग्रिड त्रिकोणी आहे, आणि तिथे तो गाभा जसाच्या तसा उचलून नेता आला नाही. आयकॉन जीपीयूवर नेताना रोजच्या कामासाठी आधार घेतला गेला तो फोर्ट्रान आणि ओपनएसीसीचाच. 1957 साली आलेली फोर्ट्रान आजही प्रमाणित होते आहे, तिचे कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारे प्रोग्राम) अनेक कंपन्या बनवतात. डीएसएलचा कंपायलर मात्र बहुधा चारपाच जणांच्या गटाच्या आणि एखाद्या अनुदानाच्या जिवावर तगलेला असतो. तो गट पांगला की काही दशके चालवायच्या मॉडेलने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

आणखी एक अडचण आहे, जी या भाषांच्या प्रचारकांना सहसा आठवत नाही. कोड तयार करणाऱ्या साधनाने बेरजांचा क्रम बदलला की उत्तराचा शेवटचा अंक बदलतो, आणि वातावरण गोंधळी स्वभावाचे असल्यामुळे काही दिवसांच्या अंदाजात तो फरक डोळ्यांत भरण्याइतका वाढतो. ही चूक आहे की शेवटचे अंक तोडल्याने आलेला निव्वळ फरक, हे ठरवायला अनेक धावांची सांख्यिकीय तुलना करावी लागते आणि तपासायचा असतो तो यंत्राने लिहिलेला, माणसाला नीट वाचता न येणारा कोड.

निरीक्षक:
बेरजांचा क्रम तर कंपायलरच्या ऑप्टिमायझेशनची (कोड वेगवान करण्याची) पातळी वाढवली तरी बदलू शकतो, त्यामुळे तो दोष एकट्या डीएसएलच्या माथी मारणे मला पटत नाही. शिवाय आपण दोघेही ब्रिटिश हवामान खात्याच्या एलएफरिक या नव्या मॉडेलचा मार्ग विसरत आहात. तिथे शास्त्रज्ञ कर्नल, म्हणजे प्रत्यक्ष गणिताचे छोटे तुकडे, फोर्ट्रानमध्येच लिहितात; समांतर गणनेचा मधला थर सायक्लोन हे साधन तयार करते आणि तोही फोर्ट्रानमध्येच असल्यामुळे उघडून वाचता येतो.

जुनाजाणता:
हा मार्ग मला मान्य होण्यासारखा आहे, कारण उद्या सायक्लोन बंद पडले तरी हातात चालणारा फोर्ट्रान कोड उरेल.

अवकलन:
त्रिकोणी ग्रिडची हरकत मी मान्य करतो. स्टेलाने गणित आणि ग्रिड पुरेसे वेगळे केले नव्हते. पण त्यातून निष्कर्ष असा निघतो, की पुढची भाषा अधिक व्यापक हवी, आणि पायथॉनमधील जीटी-फोर-पाय याच दिशेने जात असून आयकॉनचा गाभा तिच्यात लिहिण्याचे काम सुरू झालेले आहे. ढग आणि प्रारण (सूर्यप्रकाश व उष्णतेच्या लहरी) यांचे कोड, जिथे शेजारच्या बिंदूंपेक्षा ‘अमुक असेल तर तमुक करा’ अशा अटींचीच गर्दी असते, ते मी खुशाल फोर्ट्रानमध्ये राहू देईन. मात्र ओपनएसीसीला सुरक्षित आधार मानू नये: तिला सर्व कंपायलरांचा सारखा पाठिंबा नाही, त्यामुळे परावलंबनाचा जो आक्षेप आपण डीएसएलवर घेतला, तो तिलाही लागू पडतो.